वर्गाच्या दाराशी

सोमवार, ४ ऑगस्ट
आजही वर्गात गेले नाही. दारापर्यंत गेले — आतून मुलांचा गलका आला आणि छातीत धडधडायला लागलं. डोकं दुखतंय म्हणून सांगितलं आणि मागे फिरले.

मंगळवार, ५ ऑगस्ट
त्या व्हिडिओपासून हे सुरू झालं. गेल्या महिन्यात कविता शिकवताना एका शब्दावर अडखळले. परत म्हटला, परत अडखळले. कुणीतरी शूट केलं, ग्रुपवर टाकलं. "इंग्रजीच्या मॅडमलाच इंग्रजी येईना!" इतकी वर्षं शिकवतेय मी!
अम्मी विचारते, "अनिसा, जेवत का नाहीस?" काय सांगू? मुलगी प्रोफेसर आहे म्हणून सगळ्या गल्लीत मिरवते ती.

गुरुवार, ७ ऑगस्ट
कशातच लक्ष नाही. नुसती या खोलीतून त्या खोलीत.

शुक्रवार, ८ ऑगस्ट
कॉलेजचा थांबा आला. एसटीतून उतरलेच नाही! सरळ आळेफाट्याला गेले आणि स्टँडवर बसून राहिले.
तिथे आरोही भेटली — दुसऱ्या वर्षाची, आणे गावाहून येते. "मॅडम, तुमी इथं? तुमच्या तासासाठी पळत आले, तरी पुढची गाडी चुकली. आज तास न्हाई का?"
काम होतं, म्हणाले. तिच्याकडे बघवेना.

सोमवार, ११ ऑगस्ट
सुदर्शन सरांनी केबिनमध्ये बोलावलं. आमचे विभागप्रमुख. वाटलं, आता झाडणार. सरांनी दार लावलं.
"मॅडम, वर्गाच्या दारातून मागं फिरताना बघितलं तुमाला. मला पण व्हतं असं. कितीतरी वर्षं गोळी घेऊन वर्गात जातोय. बायकोशिवाय कुणाला म्हाईत न्हाई."
स्टाफरूममध्ये सगळ्यांना हसवणारे सर! मी रडायलाच लागले. ते खिडकीबाहेर बघत राहिले.
"मग सारखे हसता कसे, सर?"
"न्हाई हसलं तर लोक विचारत्यात, राव."

मंगळवार, १२ ऑगस्ट
गेले आत. पुस्तक उघडलं नाही. मराठीतच सांगितलं — मला तुमच्यासमोर बोलायची भीती वाटते. कुणी हसतंय का, कुणाच्या हातात फोन आहे का, सारखी बघत होते.
मागून स्वराज म्हणाला, "मॅडम, इंग्रजी बोलायची आमाला बी लई भीती वाटती."
वर्ग हसला. मीही हसले बहुतेक. उद्याचं काय?

बुधवार, १३ ऑगस्ट
गेले. अर्धा तास कसाबसा. आल्यावर नुसती पडून राहिले.

गुरुवार, १४ ऑगस्ट
मीटिंगमध्ये प्राचार्य कडाडले, "इंग्रजीचे तास कोण बुडवतंय?" सुदर्शन सर उठले. हसले नाहीत. "आमच्या विभागात दोघं आजारी आहेत. वर्गात जायची भीती वाटते. एक मी. दुसरं नाव मी सांगणार न्हाई." सगळे एकमेकांकडे बघायला लागले. तेवढ्यात शेजारी बसलेल्या वैजयंती मॅडम उभ्या राहिल्या — आमच्याच विभागातल्या, अख्खं कॉलेज त्यांना टरकून असतं. "मलाही वाटते भीती," म्हणाल्या.
मग मी उठले.