पाच मोजेपर्यंत

३ तारीख, सोमवार

कानाला लावायच्या त्या दोन वाट्यांनी माझे कान लाल केले, आणि वरून म्हणे रोजनिशी लिहा. तिसरीत शाळा सुटलेल्या बाईला! रोज जे शिकाल ते कागदावर उतरवा, असा शिकवणाऱ्या बाईंचा हुकूम आहे. तर घ्या, नमस्कार.

बाकी जागा झकास. मुलांना रेडिओवरून घरबसल्या शिकवायचं, म्हणून इथल्याच सहा जणांना तयार करतायत. पाच शिकले-सवरलेले, सहावी मी. सून म्हणाली होती, नुसतं बोलायला तुम्हाला कोण घेतंय? घेतलं की! आजीच्या आवाजावर मुलं विश्वास ठेवतात म्हणे. बोलायच्या खोलीला आतून गाद्यांसारखं काही ठोकलंय, बाहेरचं कुत्रंही ऐकू येत नाही.

नियम दोनच. प्रश्न विचारला की मनात पाच मोजायचे आणि गप्प बसायचं. ती जागा ऐकणाऱ्या मुलाची, उत्तर त्यानेच द्यायचं. मी म्हटलं, मला पाच मोजेपर्यंत गप्प बसवणारा अजून जन्माला यायचाय. आवाज भरून घेणाऱ्या यंत्रावरचा माणूस खो खो हसला. दुसरा नियम, शंभर मुलांशी बोलायचं नाही. एकच मूल डोळ्यांसमोर आणायचं, त्यालाच विचारायचं. मी माझी नात आणली. सहा वर्षांची, पुढचे दोन दात पडलेली, तोंडाची टकळी अखंड चालू. माझ्यावर गेलीय.

५ तारीख, बुधवार

पहिला पाठ भरला. आठवड्यात वार किती? नातीला डोळ्यांसमोर धरलं, पाच मोजले. मग सगळ्यांनी ऐकून पाहिलं, तर त्या रिकाम्या जागेत बारीक आवाज, थात. पडलेल्या दातांतून हवा जाते तसा. यंत्रवाला म्हणाला, आजी, नातीला पदराखाली लपवून आणलीत काय? खोलीत मी एकटी होते. दार बंद, वर लाल दिवा.

घरी नातीला विचारलं, वार किती. एरवी सोमवारपासून गात सुटते. नुसती बघत राहिली. सून म्हणाली, नाटकं करतेय, दुसरं काय.

८ तारीख, शनिवार

गाईला पाय किती, हा काल भरला. यंत्रवाल्याने तो आवाज तीनदा पुसला, तीनदा परत आला. चार. आता तो हसत नाही. बाई म्हणाल्या, दुसरीकडचा कार्यक्रम मिसळत असेल, पण काही झालं तरी तुम्ही मध्ये बोलायचं नाही.

आज नातीने पाटीवर गाय काढली. शिंगं, कान, शेपूट, सगळं जागच्या जागी. पाय नाहीत. मी विचारलं तर उलट मलाच म्हणाली, असतात का?

मीच तिला तिथे नेलंय. डोळ्यांसमोर धरून धरून.

१० तारीख, सोमवार

गेलेच नाही. म्हटलं, माझ्याविना प्रश्न कोण विचारतो बघू.

सकाळी फळीवरचा रेडिओ बोलला. त्याची वायर मीच काढून ठेवलेली, माझ्या हातात होती. आवाज माझा. पानाचा रंग कोणता? हा पाठ मी भरलेलाच नाही. नातीने तोंड उघडलं, आणि खरखर झाली ती रेडिओच्या पेटीत. तिचा आवाज तिकडून यायला लागला होता. मी मोजत होते. चारला मध्ये तोंड घातलं आणि उत्तर देऊन टाकलं.

पेटी गप्प. नातीला रंग आठवतोय, सारखी सांगतेय. म्हणत असेल बरोबर. दारात झाड आहे, पान दिसतं. त्याला काय म्हणायचं ते मला —

११ तारीख

आज पेटीने विचारलं, आईला हाक काय मारतेस. मी आधी बोलले. पोरगी सुनेला बिलगली, हाक मारली, ऐकलं मी. बरं वाटलं.

माझ्या आईचा चेहरा आहे. हाक नाही.

यंत्रवाल्याला निरोप धाडला, पुढच्या पाठात काय आहे. त्याने कागद पाठवला. एकच ओळ. तुझं नाव काय?

१२

पोरीला शेजारी नेऊन बसवलं. तिथल्या भिंतीतून माझा आवाज आला. परत आणली — कुठेही नेली तरी —

पोरीचं नाव गेलं तर हाकेला वळायचं कुणी? मी सांगणार. माझं. जाऊ दे, सत्तर वर्षं वापरून झिजलंय ते.

पेटी खरखरतेय. मुलांनो म्हणाली —

सूनबाई, रडत बसू नकोस, ऐक. मागाहून मी विचारेन, मी कोण. उत्तर तू द्यायचं नाहीस. शेजारणीने नाही. पोरीने द्यायचं, ती जागा तिची. आजी म्हणायचं, मोठ्याने, आणि पाच मोजायच्या आत, नाहीतर ती पेटी —