एकट्यालाच कमी करण्याबाबत

प्रति,
मा. व्यवस्थापक,
कर्मचारी विभाग,
निवृत्तिनिधी गुंतवणूक संस्था

विषय : अर्जदारास, आणि फक्त अर्जदारासच, नोकरीतून कमी करणेबाबत.
संदर्भ : अर्जदाराचा जोखीम अंदाज, 'अनावश्यक' या शेऱ्यासह परत.

महोदय,

१. अर्जदार आपल्या जोखीम विभागात आहे. संस्थेने लोकांचा पैसा शेअर, रोखे, सोने, इमारती अशा निरनिराळ्या ठिकाणी गुंतवला आहे. यातले कोण कोणाच्या जोडीने वर-खाली होते, आणि ही जोडी उद्या घट्ट होईल की सैल, याचा अंदाज रोज सकाळी बांधणे हे अर्जदाराचे काम. एक बुडाले तर दुसरे तारेल, या भरवशावर संस्था चालते. तो भरवसा किती टिकेल, एवढेच अर्जदार सांगतो.

२. संस्थेची पद्धत अशी की या जोड्यांचे आकडे वर्षातून एकदा ठरवून भिंतीवर लावायचे. सध्याचा तक्ता शांत दिवसांतला आहे. अर्जदाराच्या अंदाजानुसार शेअर आणि इमारती आता पावलाला पाऊल लावून चालू लागले आहेत. घबराट उडाली की सोनेही त्यांच्यामागून विकले जाईल. हे कळवले असता विभागप्रमुख म्हणाले, "नुकताच लॅमिनेट करून आणलाय, आता कुठे बदलता?" अर्जदाराने तक्त्याचा मान राखला.

३. हा परिच्छेद घरगुती असल्याने गाळला होता. पण त्याशिवाय पुढचा कळत नाही. अर्जदाराची पत्नी आपल्याच आवक टेबलावर आहे. तिचा धाकटा भाऊ नुकताच आपल्याच लेखा विभागात रुजू झाला. त्या आनंदात सासऱ्यांनी निवृत्तीची पुंजी आपल्याच संस्थेत ठेवली. "सगळे एका छपराखाली आले, आता मला कसली काळजी नाही," असे ते म्हणाले. तेव्हापासून अर्जदारास झोप नाही. काल जेवताना त्याने हे सर्व समजावून सांगितले. मेहुणा म्हणाला, "भावोजी, जेवताना तरी बुडवू नका." पत्नीने भात वाढला.

४. संस्था बुडाली तर चौघे एकदम बुडतील. सबब एकाने आजच, बाजार शांत असताना, बाहेर पडून दुसरीकडे पाय रोवणे आवश्यक आहे. राजीनाम्यास तीन महिन्यांची पूर्वसूचना लागते. अर्जदाराच्या अंदाजात तीन महिने बसत नाहीत. काढून टाकलेला माणूस मात्र त्याच संध्याकाळी मोकळा होतो.

४ (पुढे चालू). कारण म्हणून 'तक्त्याचा अवमान' लिहावे. अर्जदाराची हरकत नाही.

५. पत्नीस व मेहुण्यास यातले काही कळवू नये, ती दोघे आडवी येतील. पाकीट बंद केले आहे. त्यावर आवकचा शिक्का पत्नीच मारणार, त्यास इलाज नाही.

तक्त्याविषयी आदर राखून,

आपला नम्र,
(सही)
अर्जदार, जोखीम विभाग
दि. २८ मार्च

सोबत : कालचा अंदाज. आजचा अंदाज. (कृपया शेजारी शेजारी ठेवून पाहावेत.)

आवक शेरा : पाकीट उघडून नोंद केली. हीच मागणी करणारा माझा अर्ज सकाळी आणि भावाचा दुपारी आवक झाला आहे. आम्हीही फक्त स्वतःलाच कमी करावे असे लिहिले आहे. तिन्ही अर्ज एकाच फायलीत लावले. — आवक लिपिक