कुशाबाईचा चीक आणि केसाएवढी नळी

दौंड, ८ डिसेंबर २००३

चि. अनितास आत्याचे आशीर्वाद. तुझा खोकला एव्हाना गेला असेल. माझे गुडघे मी निवृत्त झाल्याचं मान्य करत नाहीत, शाळेतल्यासारखेच ठणकतात, बाकी ठीक. तुझ्या आईचे शिरूरला उपास जोरात असतीलच.

तुझा अहवाल मिळाला. मी एकच विचारलं होतं: शेजारच्या कुशाबाईने दिलेला गाईचा चीक खरा की खोटा? तुझी आई इथे असताना माझा खरवस वीस वर्षांत प्रथमच बसला नाही. ताटलीतून वाहिला. मी कुशाबाईला गल्लीदेखत लबाड म्हटलं. तेव्हापासून ती माझ्या ओट्यावर फिरकत नाही (आणि दुसरं कोणी फिरकतं असंही नाही). म्हणून उरलेला चीक बाटलीत भरून, बर्फात घालून तुझ्या प्रयोगशाळेत धाडला.

तू लिहितेस, केसाएवढ्या काचेच्या नळीत थेंब घालून वीज लावतात. एकेक प्रथिन आपापल्या वेगाने पळतं आणि टोकाला यंत्र प्रत्येकाचं वजन करतं. (छत्तीस वर्षं शाळेत शर्यती लावल्यात मी. मधूनच घुसणारे मला ठाऊक आहेत.) निकाल काय, तर चीक अस्सल, पहिल्या दिवसाचा. आणि तळाशी हळूच एक ओळ: कोंबडीच्या अंड्यातलं प्रथिनही सापडलं.

माझ्या स्वयंपाकघरात अंडं? तूच लिहितेस की नळी त्या यंत्राला जोडायला तीन आठवडे गेले, जोडापाशी थेंबाचा यंत्रात जाणारा फवारा अडखळायचा. मग घोळ तिथेच. नळ असो की सोयरीक, गळतं ते जोडापाशीच. आधी कुणाचं अंडं तपासलं होतं, याची चौकशी कर.

तुझी,
आत्या

ता. क. चीक धाडला ती बाटली मी साबणाने दोनदा धुतली होती. अंडं फेटायचीच बाटली ती. आमच्या शाळेतल्या सिस्टर ॲग्नेसची शिकवण: एक अंडं घातलं की चिकात दुप्पट दूध खपतं आणि सगळ्यांना वाटता येतं. यंदाही दूध घातलं. पण तुझी माळकरी आई गॅसपाशी पहाऱ्याला, अंडं घालणार कसं?

ता. क. दुसरा. काल कुशाबाईकडे जाऊन चुकले म्हटलं. अंड्याचं अर्थात बोलले नाही. ती शेण भरता भरता म्हणाली, "एवढं दूध वतल्यावर अंड्याबिगर बसंल व्हय, बाई? तुमची टरफलं माझ्याच कोंबड्या उकरत्यात की." संध्याकाळी ओट्यावर आली.

ता. क. तिसरा. तुझी आई अहवाल मागते आहे. शेवटची ओळ गाळून एक प्रत पाठव. वीस वर्षं ती खरवस दोनदा वाढून घेते आहे.