मेजावरची भाकर

याहा, इथं जबलपुरात कुणी आई म्हणतं, कुणी अम्मा, आणि चारचौघांत मीही तसंच बोलतो, पण कागदावर तुला दुसऱ्या कशानं हाक मारवेना. तुला वाचता येत नव्हतं आणि मला लिहिता जेमतेम येतं, तेव्हा आपलं बरं जमेल. मी एंजिनांच्या शेडमध्ये कोळसा ओढतो. त्याआधी सुरतेला गिरणीत होतो, त्याच्याही आधी पुलाच्या कामावर. तू म्हणायचीस, या पोराच्या पायाला भिंगरी आहे. ती अजून आहे. पण परवा मी एका बाकावर सकाळपासून संध्याकाळपर्यंत हललो नाही, आणि ते तुला सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही.

आपल्या ख्रिस्ती मंडळ्यांची देशभरची सभा यंदा इथं भरली. पंजाबाकडचे, बंगालकडचे, गुजरातेतले, कुठकुठले पाळक आणि पंच आले. गावाहून चिठ्ठी आली की डोंगरातल्या मंडळ्यांच्या वतीनं तू बस, हात वर करायचा हक्क तुला दिला आहे. मी फुगलो. मग खालची ओळ वाचली. तू तिथंच आहेस, गाडीभाडं वाचेल. तरी कोट मागून आणला, शेडमधल्या एका ख्रिस्ती फिटरचा, बाह्या बोटांपर्यंत येत होत्या. सभेपुढचे विषय वाचून दाखवले त्यात एक विषय असा होता की जिथं गव्हाचा पाव मिळत नाही तिथं प्रभुभोजनाला येशूच्या नावानं मोडून वाटायला घरातली भाकर चालेल की नाही. माझे कान गरम झाले. तुझाच विषय, याहा. फक्त तुझं नाव घेतलेलं नव्हतं.

तो दिवस मला अजून दिसतो. पावसाळा ऐन भरात आहे. नंदुरबारहून पाळक निघालेत, तापी नावेनं ओलांडून, सारंगखेड्याच्या बाजारात घेतलेला घोडा घाटाखाली ठेवून, वर चिखलातून चालत. धडगावला दोन मुक्काम अडकून आपल्या पाड्यावर पोहोचतात. मिशनच्या मडमबाईंनी भट्टीत भाजून दिलेला पाव फडक्यातून काढतात तर तो हिरवा झालेला. बाहेर लोक ओले बसलेत, नाले ओलांडून आलेले, एका आंधळ्या म्हाताऱ्याला तर लेकानं पाठीवर आणलंय. पाळक म्हणतात, "आता राहू द्या. दिवाळीनंतर बघू." तू उठतेस. मी तुझ्यामागं. चुलीत ओलं लाकूड, घरभर धूर, तू पिठात कढत पाणी ओततेस, हात भाजतात म्हणून तोंडानं फू फू करतेस आणि थापतेस. भाकर टम्म फुगते. ती पदरात घेऊन तू तशीच पावसात निघतेस आणि मेजावर ठेवतेस. "ही घ्या. ही ताजी आहे." पाळक तिच्याकडं बघत राहतात. तेवढ्यात मागून तो आंधळा म्हातारा म्हणतो, "भाकरीचा वास येतोय. देव आज आपल्याकडंच जेवणार वाटतं." सगळे हसतात, पाळकही हसतात, मग डोळे मिटून प्रार्थना करतात आणि भाकर मोडतात.

पाणी ओसरल्यावर चौकशी वर आली. मिशनचे साहेब, दोन पंच आणि मागं तेच पाळक. "मेजावर भाकर कुणी ठेवली?" तू म्हणालीस, मी. मोडली कुणी हे कुणी विचारलं नाही आणि पाळक आपल्या बुटांकडं बघत राहिले. पंच म्हणाले, "बाई, चूक झाली एवढं म्हणा, विषय संपला." तू जरा विचार केलास. खरंच विचार करत होतीस, हट्ट नव्हता. मग म्हणालीस, "चूक म्हटली तर त्या दिवशी आम्ही सगळ्यांनी खाल्लं ते काय होतं?" चूक कबूल करेपर्यंत मेज तुला बंद झालं. मग प्रभुभोजनाच्या दिवशी तू दाराशी बसायचीस. ताट तुझ्यासमोरून पुढं जायचं आणि तू शेजारणीचं पोर मांडीवर घ्यायचीस, तिला हात मोकळे मिळावेत म्हणून. तशीच तू गेलीस. तुला माती दिली आणि मी गाव सोडलं. तेव्हापासून मीही कुठल्या मेजावर हात पुढं केला नव्हता.

आणि सभेत माझ्या शेजारी कोण यावं? तेच पाळक. आता म्हातारे झालेत, कोरीटच्या बाजूला लेकाकडं असतात. एका जिल्ह्याचे म्हणून आम्हाला एका बाकावर बसवलेलं. मी सकाळभर त्यांच्याशी बोललो नाही. त्यांनीच विचारलं, "तुन्हा गाठोडामा काय शे रे, पोऱ्या?" मी म्हटलं, भाकर आहे, सभेला दाखवायला आणलीय.

विषय निघाला तसे मुंबईकडचे एक वकील उठले, काळा कोट, चांगला खणखणीत आवाज. म्हणाले, प्रार्थनेत आपण ‘रोजची भाकर’ म्हणतो हे खरं, पण ती आपली बोली झाली, मुळात ते गहूच. देशभर एक मेज तर मेजावरची वस्तूही एक पाहिजे. शिवाय भाकरीचा भुगा पडतो, पवित्र वस्तू पायाखाली येते. "आज भाकर मागतात, उद्या द्राक्षरसाच्या जागी मोहाचं पाणी मागतील." सभा खदखदली. मला राग आला आणि रागातच मी उठलो, पण उठल्यावर मराठी निम्मीच तोंडात आली, निम्मं आपल्या बोलीतच बोललो, आणि दुभाष्या माझ्याकडं बघायला लागला. अध्यक्ष भले होते. म्हणाले, "भाकर आणली आहे ना? ती तर दाखवा." मी गाठोडं सोडलं. अर्धीच निघाली. "उरलेली?" मी म्हटलं, "खाल्ली, साहेब. दुपारच्या खिचडीत मिरची नव्हती."

ते हसू थांबेना. मी खाली बसणार तोच शेजारून हात आला. "माले दे ती." पाळक उठून उभे राहिले. शुद्ध मराठीत बोलायला लागले, मंडळीत बोलायचे तसं. "डोंगरात एका पावसाळ्यात एका बाईनं अशीच भाकर मेजावर ठेवली. तिनं फक्त ठेवली. मोडली मी. पाळक मी होतो, ती नव्हती. मेज बंद झालं ते मात्र तिला, आणि मी गप्प बसलो. तिनं एक प्रश्न विचारला होता. मला त्याचं उत्तर अजून आलेलं नाही, म्हणून तो मी सभेपुढं ठेवतो. आम्ही त्या दिवशी खाल्लं ते काय होतं?" असं म्हणून त्यांनी ती भाकर मोडली. माझ्या हातची, तुझ्यासारखी मऊ कुठली, भुगा त्यांच्या कोटावर पडला. त्यांनी तो बोटानं टिपून टिपून तोंडात घातला. कुणी हसलं नाही.

मग मागून दक्षिणेकडचे एक पाळक हळूच उठले. म्हणाले, "आमच्याकडं पुरात तांदळाची दिली होती. कळवलं नव्हतं." आणखी कुणीतरी खोकलं. अध्यक्ष म्हणाले, "अजून कुणाला खोकला आहे?" आता सभा हसली ते वेगळं हसू होतं. आणि खरी गंमत पुढं. ते वकीलच परत उठले. मला वाटलं, आता मोडतात सगळं. तर म्हणाले, "करायचं असेल तर नीट करा. आजपासून चालेल एवढंच लिहिलंत तर ठराव लंगडा होईल. पूर्वी जिथं श्रद्धेनं असं भोजन झालं तेही प्रभूचंच भोजन होतं, असं लिहा. त्या बाईला उत्तर द्यायला नको का?" हात वर करायला सांगितले. मी हात केला आणि फिटरच्या कोटाची बाही कोपरापर्यंत घसरली. मागं वळून बघितलं तर हातच हात. मोहाचा विषय पुढल्या सभेवर ढकलला. तू असतीस तर पदर तोंडाशी धरून हसली असतीस.

बाहेर झाडाखाली पाळक माझ्याजवळ आले. "तुन्ही माय मन्हावर रागे व्हती का रे?" मी खरं ते सांगितलं. तू त्यांच्याबद्दल एकदाच बोलली होतीस, घाबरट आहे, पण मोडली तर त्यानंच. ते किती वेळ मान हलवत राहिले. मग खिशातून कागदाची पुडी काढली. घरून आणलेली लाल मिरचीची चटणी. त्यांनाही खिचडी गेली नव्हती. उरलेला तुकडा आम्ही दोघांनी तिच्याशी खाल्ला.

नाले भरायच्या आत मी गावाकडं जाऊन येणार आहे. ठराव टपालानं जाईलच, पण तू बसायचीस त्या दाराशी उभं राहून मला तो तोंडानं सांगायचा आहे. मग परत येईन, नाहीतर दुसरीकडं जाईन, बघू. हा कागद टाकायला पेटी नाही. तोवर तो फिटरच्या कोटात राहील, आणि कोट परत करायचा आहे, म्हणजे पुढं कुठं ठेवावा ते ठरलेलं नाही.

एक राहिलं. सभा उठायच्या आधी प्रभुभोजन झालं. पाव आधीच सांगून ठेवलेला, म्हणून गव्हाचाच होता, बेकरीतला पांढरा. ताट माझ्यासमोर आलं आणि या खेपेस मी ते पुढं जाऊ दिलं नाही. तुझ्या भाकरीची सर त्याला नव्हती, असं लिहिणार होतो. पण याहा, तुझ्याशी खोटं कशाला बोलू? चांगला लागला.