हत्तीण उपाशी आहे

तीर्थस्वरूप ताईस,

धाकट्याचा साष्टांग नमस्कार (कंबर धरल्यामुळे तूर्त शाब्दिक). तुझे गुडघे आणि तुझा स्वभाव, दोन्ही पूर्वीइतकेच कुरकुरत असतील अशी आशा करतो.

भाचीने तुझ्याही कॉम्प्युटरवर तो प्राणिसंग्रहालयाचा खेळ घालून दिला आणि "मामाला विचार, तो तरबेज झालाय" असं सांगितलं म्हणे. अफवा आहे. तुझी भावजय गेल्यापासून तिची त्या खेळातली बाग बंदच आहे. त्या बागेला हात लावण्याआधी हात बसावा म्हणून मी स्वतःची वेगळी बाग काढली, एवढंच. उपदेशाचा अधिकार मात्र मला पूर्ण आहे. नदीची खोली बुडालेल्यालाच विचारावी.

तर आधी वाट, मग नोकरमाणसं, मग जनावर. मी आरंभीच गेंडा मागवला (महाकाव्याला नायक भारदस्त हवा). त्याला चारा घालणारा नेमायचं राहिलं. नेमला, तर त्याच्या खोलीपासून गेंड्यापर्यंत वाटच नव्हती. तो गृहस्थ गवताचा भारा घेऊन, नव्या कचेरीत बदली होऊन आलेल्या कारकुनासारखा, जागीच उभा राहिला. तिकडे गेंडा आडवा झाला. पुढे हरणं आणली, वाघ आणला. काव्यातल्या आश्रमात ही मंडळी एका पाणवठ्यावर पितात, जन्मभर मुलांना तेच शिकवलं, म्हणून मधे कुंपण घातलं नाही. भाचीला फोनवर अभिमानाने सांगितलं तर किंचाळलीच, "मामा, अहो तो वाघ आहे!" तोवर पाणवठ्यावर वाघ एकटाच होता, आणि अतिशय शांत. (आश्रमातली शांतीही अशीच आली असावी.) आणखी एक, कोपऱ्यातले बाण दाबू नकोस. मला वाटलं पडदा उजळतो. धावू लागला तो काळ. चहा गाळून येईतो माकडांच्या पिढ्या सरल्या होत्या आणि प्रेक्षक स्वच्छतागृह सापडेना म्हणून घरी गेले होते.

हिला मी चिडवायचो, "जनावरांना वाढून झालं असेल तर माणसाकडेही बघ." ती म्हणायची, "अहो, जनावरं वाढलेल्याला नावं ठेवत नाहीत." त्या दिवशी छातीत कळ आली, तेव्हाही खुर्चीतून उठताना एवढंच म्हणाली, "हत्तीण उपाशी आहे, आलेच." बाग तिथेच थांबली. पडद्यावर तिचं बोटभर चित्र दिसतं: रिकाम्या टोपलीत सोंड घालून हत्तीण उभी. बाग बंद असेतो तिला भूक लागत नाही. उघडली की लागणार. आणि या खेळात गेलेलं जनावर परत येत नाही. (तेवढी एक रीत त्यांनी आपल्याकडून जशीच्या तशी उचलली आहे.) म्हणून म्हटलं, सराव पुरा होऊ दे.

तुझा,
धाकटा

ता. क. सराव पुरा झाला. कासव तेवढं उरलं आहे. व्यवस्थापक कोण, हे त्याला अजून कळलेलं दिसत नाही.

पुन्हा ता. क. वरचा उपदेश विसर आणि इकडे ये. गुडघ्यांची सबब चालणार नाही, स्टेशनवर मी येतो. बाग मी उघडीन, टोपली तू भर. मी शेजारी बसेन, कशाला हात लावणार नाही, आणि तू जे वाढशील त्याला नावं ठेवणार नाही.