टोपीवरचं कुंकू

अण्णा, तुमची गाडी मिस करून राहिलीय. दसऱ्यानंतर सुरू झालं. सेल्फ मारला की उठते, पण चारातला एक सिलिंडर मरतो आणि सगळी बॉडी थरथरते, ताप चढलेल्या माणसासारखी. मला लिहायचंय ते खरं गाडीबद्दल नाही, तुमच्या सुनेबद्दल आहे. पण सरळ तिच्यावर यायला जमत नाही, म्हणून गाडीकडून येतो. तुम्हालाही तेच बरं. घरातलं काही सांगायला कोणी आलं की तुम्ही उठून बॉनेट उघडायचात.

टावर चौकाच्या मागे एक मिस्त्री बसतो, त्याला बोलावलं. उभ्या उभ्या ऐकलं त्याने. म्हणतो, "अंकलजी, कॉइल गई. नई डलवा लो. और सच बोलूँ तो गाड़ी ही नई ले लो." मी म्हटलं, "पहले सुन तो ले, भाई." पण त्याचा फोन वाजत होता, दिवाळीच्या आधीची गर्दी, गेला. त्याची काही चूक नाही, अशा गाड्या आता येतातच कुठे. मग मीच बाह्या वर केल्या. तुमची पद्धत मला काही कागदावर शिकवलेली नव्हती. आठवीत शाळा सुटली आणि तुम्ही मला तुमच्या नोकरीच्या जागी, मोटारखान्यात, उभं केलंत. इंजिन चालू आहे, तुमच्या हातात रबर चढवलेली पक्कड आहे, आणि तुम्ही एकेक प्लगची वायर उपसताय. "बघू नको, ऐक. वायर काढल्यावर आवाज पडला, तर तो जिवंत. काढूनही काही फरक पडला नाही, तर तो मेलेला." मी डोळे उघडले की टाळक्यात टपली बसते. आजही वायर उपसताना माझे डोळे आपोआप मिटतात.

तिसरा मेलेला निघाला. त्याचा प्लग दुसऱ्यात घातला, दुसऱ्याचा तिसऱ्यात. तरी तिसराच मेला. म्हणजे प्लग चांगला. वायर बदलली, तरी तिसराच. आता उरली ती डिस्ट्रिब्युटरची टोपी, जिथून चारही प्लगना करंट वाटला जातो. टोपीला तडा गेला असेल तर करंट बाहेरून पळतो, आणि ते अंधारातच दिसतं, हे पण तुमचंच. भर दुपारी शेडचं दार लावलं, बॉनेटवर जुनी चादर टाकली आणि डोकं आत घातलं. इंजिन चालू. टोपीच्या अंगावर निळी ठिणगी सरपटत होती. ते मी खूप वेळा पाहिलंय, त्यात काही नाही. पण ही ठिणगी सरळ जात नव्हती. थोडी पुढे जायची आणि काटकोनात वळायची. पुन्हा पुढे, पुन्हा वळायची. तडा असा कधी जात नाही. माझ्या अंगावर काटा आला, खोटं कशाला सांगू. इंजिन बंद केलं, हातातल्या बॅटरीचा उजेड टाकला. टोपीवर कुंकवाने स्वस्तिक काढलेलं होतं. अंगठ्याने, नीट, चारही टिंबांसकट. आणि ओलं होतं.

तुम्हाला तो पहिला दसरा आठवत असेल. लग्नाला वर्षही झालं नव्हतं. तुम्ही गाडी धुऊन दारात उभी केलीय, झेंडूची माळ घातलीय, बॉनेट उघडं ठेवलंय. ही ताट घेऊन येते, कुंकू क्षिप्रेच्या पाण्यात कालवलेलं. स्टीयरिंगला लावते, चारही चाकांना लावते, मग इंजिनाकडे वळते आणि हात नेमका टोपीवर नेते. तुम्ही असे ओरडलात की गल्लीतली माणसं बाहेर आली. "सूनबाई, हात मागे! तिथे ओलं लागलं की करंट पळतो. देवालाही तिथे मनाई आहे!" ती स्वयंपाकघरात जाऊन रडली. मला वाटलं आता माहेरी जाते. संध्याकाळी तुम्ही काही न बोलता गाडी काढलीत, तिला पुढच्या सीटवर बसवलंत, मला मागे, आणि टावरवर नेऊन कुल्फी घेऊन दिलीत. माफी वगैरे मागितली नाहीत. ती खाऊन झाल्यावर फक्त विचारलंत, "अजून एक?" हा किस्सा ती दर दसऱ्याला सांगते. तुमचा आवाज काढून सांगते. मुलाला पाठ आहे, त्याच्या बायकोलाही पाठ झालाय. घरात दुसरं कोणी काही विसरेल, पण टोपीला हात लावायचा नाही हे ती विसरणं शक्यच नाही.

म्हणून मी सरळ विचारलं. ती मेथी निवडत बसली होती. "टोपीवर कुंकू तू लावलंस का गं?"

"मी? अहो, डोकं फिरलंय का तुमचं? अण्णा कसे ओरडले होते!" आणि लागलीच तुमचा आवाज काढला, हात मागे, देवालाही मनाई, सगळं. कुल्फीपर्यंत आली. मी पण हसलो. मग कामवालीला पकडलं. ती म्हणाली, "मैं तो उधर जाती ही नहीं, बाबूजी. मांजी जाती हैं थाली लेके, रोज." मी तिलाच झापलं. म्हटलं, "रोज काहे को जाएँगी, दशहरा क्या रोज आता है?" तिने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं ते मला आवडलं नाही. पेट्रोलच्या फडक्याने टोपी पुसली, वाळवली, बसवली. गाडी अशी चालली की बॉनेटवर पाण्याचा पेला ठेवावा. मी विषय संपवला. तामझाम मला नको असतो, तुम्हाला माहीत आहे.

पुढच्या आठवड्यात गाडी काढली, पुन्हा मिस. बॉनेट उघडलं, टोपीवर पुन्हा ओलं कुंकू. ह्या वेळी मी कोणाला विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी शेडमध्ये गाडीच्या मागे स्टूल टाकून बसलो. चोर पकडायला बसावं तसा. ती आली. न्हालेली, चांगलं लुगडं नेसलेली, ताटात झेंडू, पाण्याचा तांब्या. मला पाहून दचकली पण नाही. उलट म्हणाली, "बरं झालं उठलात. आज दसरा ना. अण्णा यायच्या आत उरकते, नाही तर पुन्हा ओरडतील." बॉनेटचा खटका तिला कधी जमत नसे, दर वेळी मला हाक मारायची. त्या दिवशी एका झटक्यात उघडला. वाकली आणि स्वस्तिक काढलं. तिचा अंगठा जरासुद्धा हलला नाही, अण्णा. आयुष्यभर चहात साखर कमी पडली तरी घर डोक्यावर घेणारा मी, तिच्यासाठी ताट धरून उभा राहिलो. तिने माझ्याही कपाळाला बोट लावलं आणि आत गेली.

आता मागचं सगळं मला दिसायला लागलं. वरणात दोनदा मीठ पडायचं, मी म्हणायचो लक्ष नाही तुझं. गॅस चालू राहायचा, मी म्हणायचो टीव्ही कमी पहा. श्रावणात रामघाटावरून परत येताना ती पायऱ्यांवर उभी राहिली आणि एका पंडिताला विचारत होती, "फ्रीगंज किधर से जाते हैं?" आपलं घर आहे तेच फ्रीगंज. मी म्हटलं, गर्दीत गोंधळली. एकेक गोष्ट मी वेगळी धरली आणि एकेकीला कारण शोधून दिलं. मुलगा पुण्याहून फोनवर म्हणत होता, "बाबा, आईला एकदा डॉक्टरला दाखवा." मी म्हटलं, तिला काय धाड भरलीय, तुम्हा लोकांना जबरन आजार शोधायचे असतात. आता दिवाळीला तो येईल. आल्यावर पहिल्या दिवशीच त्याला कळेल. मग इंदूर, मशिनी, रिपोर्ट. ते करावं लागेल, मी नाही म्हणणार नाही. पण ती त्याला ओळखेल ना दारात, हे मी रोज मनात मोजून राहिलोय आणि उत्तर येत नाही. टोपी मी रोज दुपारी पुसतो. सकाळी ती काढते, दुपारी मी पुसतो. तिला थांबवलं तर ती मला विचारेल, का थांबवता, आणि मग मला सांगावं लागेल.

हे काही पोस्टात टाकायचं नाही. तुम्ही गेलात तेव्हापासून तुमच्या नावाने ह्या घरात कागद येत नाहीत आणि जात पण नाहीत. मी लिहिणारा माणूस नाही, तुम्ही पाहिलं असतंत तर म्हणाला असतात, हे काय नवीन. झालं असं की आज दिवेलागणीला मी हात धूत होतो. ती परातीत पीठ घेऊन दारात आली, पदर खोचलेला, चेहरा एकदम छान, लग्नानंतर होता तसा. म्हणाली, "अहो, अण्णा मोटारखान्यातून आले का? त्यांना विचारा ना, पोळी टाकू की भाकरी?"

मी म्हटलं, विचारतो.

म्हणून शेडमध्ये येऊन बसलोय. ती आत पीठ घेऊन थांबलीय, मधूनमधून हाक मारते. आणि अण्णा, मला घरात जायची भीती वाटतेय.