डासकाकांच्या वर्गातून ताईस

ती. ताईस,

साष्टांग नमस्कार. (मनातल्या मनात. प्रत्यक्ष वाकायचं तर हल्ली कमरेची परवानगी काढावी लागते.) तुझा गुडघा काय म्हणतो? भावोजींनी खोकल्याचं औषध संपवलं की खिडकीतून कुंडीत ओतलं? मी इथे मजेत आहे. कुणाचीही आठवण येत नाही. हे आधीच लिहून टाकते, म्हणजे पुढच्या मजकुरात तू उगाच काही हुडकत बसणार नाहीस.

सहा आठवड्यांचं प्रशिक्षण आहे. उष्ण देशांतले आजार आणि तिकडे जाणाऱ्या प्रवाशांनी घ्यायची काळजी. वर्गात आम्ही एकवीस जण, त्यात वीस डॉक्टर आणि मी एकटी नर्स. (आमच्या मोठ्या डॉक्टरांनी कोण जाणार म्हणून विचारलं आणि माझाच हात वर गेला. बढतीसाठी जातेय, असं सगळ्यांना सांगितलंय. तूही तसंच सांग.) शिकवणारे गृहस्थ तीस वर्षं डासांवरच काम करतात. त्यांना सगळे डासकाका म्हणतात, आणि त्यांना ते आवडतं. पहिल्याच दिवशी ते जाळीच्या पिंजऱ्यात जिवंत डास घेऊन आले आणि माणूस नातवंडांचं सांगतो तसं त्या डासांचं सांगायला लागले. तेवढ्यात एक डास निसटला आणि नेमका त्यांच्या गालावर जाऊन बसला. ताई, मी पहिल्या बाकावर होते. सत्तावीस वर्षं वॉर्डात काढलेल्या बाईचा हात विचारून उठत नाही. सटकन आवाज झाला. डासकाकांनी चष्मा सरळ केला, गालावरचा डास चिमटीत धरून उजेडाकडे नेला आणि शांतपणे म्हणाले, "नर होता. नर चावत नाहीत." तेव्हापासून ते शिकवताना माझ्यापासून दोन हात लांब उभे राहतात.

सूक्ष्मदर्शकाचं तर विचारूच नकोस. मलेरियाचा जंतू शोधायचा होता. मला पहिल्या झटक्यात सापडला, चांगला लांब, काळा, बाकदार. अर्धा वर्ग बघायला जमला. तो माझ्याच पापणीचा केस निघाला.

पण खरी फजिती परवा झाली. तोंडी परीक्षेत आपण सल्ला द्यायचा आणि वर्गातल्याच कुणीतरी प्रवासी व्हायचं, अशी पद्धत. माझ्या वाट्याला चिठ्ठी आली ती अशी: सहा महिन्यांची गरोदर बाई, नवऱ्याच्या नोकरीपायी मलेरियाच्या देशात राहते. वेळ सात मिनिटं. समोर एक तरुण डॉक्टरीण, पोटाशी उशी बांधून बसलेली. मी सुरुवात झकास केली. औषध लावलेली मच्छरदाणी, तीही गादीखाली नीट खोचलेली. पाणी उकळूनच. ताप आला तर एक दिवसही अंगावर काढायचा नाही, लगेच रक्त तपासायचं, कारण या दिवसांत मलेरिया आई आणि बाळ दोघांनाही जड जातो. इथवर पुस्तकातलं होतं. पुढे माझी गाडी घसरली. पाय सुजतात का, स्वयंपाक कोण करतं, डाव्या कुशीवर झोपतेस ना, असं विचारत सुटले. घंटा वाजली तीही मला ऐकू आली नाही. शेवटी मी म्हणाले, "आणि फोन का करत नाहीस?" ती पोरगी गोंधळली. उशी सावरत म्हणाली, "कुणाला, सिस्टर?" मी पाणी प्यायला म्हणून उठले ती परत वर्गात गेलेच नाही.

नळापाशी डासकाका आले. (इथेही दोन हात लांबच.) म्हणाले, "किती महिने झाले?" मी म्हणाले, "चिठ्ठीत सहा लिहिलेत." ते म्हणाले, "चिठ्ठीतल्या बाईचं नाही विचारलं." मी म्हणाले, "सहाच." त्यावर ते इतकंच बोलले, "मग तिने विमानाने इकडे यायचे दिवस सरत आले. आता जायचं तर इकडच्यांनीच."

तुला काय सांगायचं, आमच्या बाईसाहेब निघाल्या त्या दिवशी तू दारातच उभी होतीस. एवढ्या लांब जातेस तर बाळंतपणाला मला बोलावू नकोस, असं मी रागाच्या भरात बोलून गेले. ही पोटची पोर जन्मात कधी माझ्या आज्ञेत राहिली नाही, ती नेमकी या एका वेळी राहिली. आठ महिने झाले. दिवस राहिल्याचंही मला तुझ्याकडूनच कळलं. जेवणाच्या सुट्टीत सगळे आपापल्या घरी फोन लावतात, तेव्हा मीही हातात फोन धरून व्हरांड्यात येरझाऱ्या घालते. उगाच चारचौघांत वेगळं दिसायला नको म्हणून.

असो. माझी काळजी करू नकोस, भूक चांगली लागते. भावोजींना नमस्कार, आणि गुडघ्याला शेक दे.

तुझी धाकटी

ता. क. पुढच्या वेळी तिच्याशी बोलशील तेव्हा मच्छरदाणी आहे का, एवढं सहज विचार. माझं नाव घेऊ नकोस.

ता. क. दुसरा. काल मी पीतज्वराची (यलो फीव्हरची) लस टोचून घेतली. तिच्या देशात त्याचं कार्ड दाखवल्याशिवाय विमानतळाबाहेर सोडत नाहीत. दहा दिवसांनी ते लागू होतं आणि मग जन्मभर चालतं. सरावासाठी कुणीतरी दंड पुढे करायलाच हवा होता, म्हणून मी केला.

ता. क. तिसरा. नाव न घेण्याचं राहू दे. आईने यायचं का, असंच विचार. 'नको' म्हणाली तर सवडीने पत्र टाक. 'ये' म्हणाली तर फोन कर.